शुक्रवारचा दिवा

गेल्या महिन्यात आमच्या आळीतली एक तरुण आई दुपारची माझ्याकडे आली. आधी पावसाळ्याच्या लाकडांचं बोलली, मग मुलांच्या शाळेचं, मग बराच वेळ नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. शेवटी म्हणाली, "काकी, एक विचारायचं होतं. आमचा मोठा आता नऊ वर्षांचा झाला, तरी रात्री..." आणि थांबली.

"अंथरूण?" मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "तुमच्या मुलीचंही असंच होतं ना? आमच्या सासूबाई सांगतात. मग ते थांबलं कसं?"

"नवस बोललो होतो," मी म्हणाले. "मलिद्याचा. पावला."

तिचा चेहरा एकदम उजळला. "मग मीही बोलते आमच्या देवीला," असं म्हणत ती चपला घालून गेलीसुद्धा.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हे उत्तर मी पंधरा-सोळा वर्षं देत आले आहे. ते खोटं नाही. नवस होता, मलिदाही झाला. पण त्या उत्तरातून मी स्वतःला काढून टाकलं आहे, आणि ते इतक्या सफाईनं की कधीकधी माझं मलाच ते पटतं. मी फार बोलणारी बाई नाही, लिहिणारी तर नाहीच. पण त्या पोराच्या वाट्याला माझं अर्धं उत्तर यायला नको, म्हणून बसले आहे.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. त्या वेळी पनवेलात आमची घरं बरीच होती. आता त्यातल्या बहुतेक दारांना दुसऱ्यांची कुलपं आहेत. माझे यजमान टपाल कचेरीत कारकून होते. माझी धाकटी बहीण मुलींच्या शाळेत शिकवायची आणि आमच्याकडेच राहायची. आणि आम्हाला एकच मुलगी. घर तळ्याच्या बाजूला, भाड्याचं. पुढं ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं पडवी. पडवीतून तीन पायऱ्या उतरलं की अंगण, अंगणाच्या मधोमध विहीर आणि विहिरीच्या पलीकडे कुंपणाला लागून संडास. वीज आमच्या आळीत अजून यायची होती. ही वाट नीट सांगते, कारण जे घडलं ते सगळं या वाटेवर घडलं.

मुलगी अकरा वर्षांची झाली होती. हुशार म्हणजे किती, तर वडिलांनी आणलेल्या मनिऑर्डरच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर ती सातवीतल्या मुलांची गणितं सोडवायची. प्रार्थना तर मुलग्यांच्या आधी पाठ. पण सकाळी उठलं की तिची गोधडी ओली. आठवड्यातून एकदा-दोनदा नव्हे, जवळजवळ रोज.

मी काय काय केलं ते सांगते. दिवेलागणीनंतर पाणी बंद केलं. काळे तीळ आणि गूळ कुटून रोज सकाळी खाऊ घातले. ओवा दिला. एका वैद्यांकडून पुड्या आणल्या. हे सगळं कोणतीही आई करते. पण मी तिचं अंथरूणही वेगळं केलं. पूर्वी ती माजघरात माझ्या शेजारी निजायची. तिथून उठवून तिला स्वयंपाकघराच्या दाराशी, मागच्या बाजूला, गोणपाट घालून त्यावर चटई दिली. म्हटलं, वास माजघरात नको. बाहेर कोणी विचारलं, रोज रोज गोधडी का वाळत घालता, तर मी सांगायची की बोका शिरतो हो घरात, घाण करतो.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक आगरीण राहायची. तिचा नवरा मिठागरावर कामाला. ती दातवण घासत कुंपणाशी उभी राहून माझं वाळवण बघायची. एकदा हसून म्हणाली, "आमची खाडी तरी येल-वखत बघून भरते, बाय. तुमचा बोका कवा पन भरतो!"

तिला सगळं ठाऊक होतं. मी हसले नाही. आत येऊन मुलीवर ओरडले.

आता शुक्रवारचं सांगते.

आमचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, धुणं नाही, काम नाही. म्हणून शुक्रवारी मावळतीच्या आत मी स्वयंपाक उरकायची, मनुका भिजवून त्यांचं सरबत गाळून ठेवायची आणि माजघरात दिवा लावायची. काचेचा पेला, अर्ध्यावर पाणी, पाण्यावर खोबरेल, त्यात वात. तुळईला साखळीनं टांगलेला. तो लावला की कोणी हात लावायचा नाही. तेल संपेल तेव्हा आपोआप जायचा, म्हणजे साधारण पहाटेला. इतर दिवशी आमच्याकडे निजताना कंदील विझवायची पद्धत होती. रॉकेल रेशनवर मिळायचं.

आणि शुक्रवारी रात्री मुलीची गोधडी कोरडी असायची.

हे माझ्या लक्षात यायला काही महिने लागले. लक्षात आलं तेव्हा मी आधी मनातल्या मनात देवाचे आभार मानले की शनिवारी धुता येत नाही आणि शनिवारीच ती कोरडी असते. मग हळूहळू तो विचार माझ्या डोक्यात फिरला. शब्बाथाला जमतं म्हणजे हिला जमतं! देवाच्या दिवसाला स्वतःला आवरता येतं, मग आईच्या सहा दिवसांना का नाही? म्हणजे ही मुद्दाम करते, नाहीतर आळस करते. असा आमचा हिशेब. दुसऱ्या कुठल्या घरात असला हिशेब कोणी केला नसता, कारण दुसऱ्या कुठल्या घरात तसा शुक्रवार नव्हता.

मी तिला टोचायला लागले. रविवारी सकाळी ओली गोधडी उचलताना म्हणायची, "शब्बाथ संपला वाटतं बाईसाहेबांचा!"

ती गोधडी माझ्या हातातून घ्यायची, स्वतः विहिरीवर न्यायची, स्वतः आपटायची. ओली गोधडी केवढी जड असते! तिच्यानं पिळवायची नाही, मग दुसरं टोक तिची मावशी धरायची.

त्याच सुमारास मावशीचं जायचं ठरलं. आमच्यातली माणसं तेव्हा एकेक करून इस्राएलला चालली होती. माझा भाऊ बायकामुलांसह निघाला आणि बहिणीचंही नाव त्यानं घातलं. बोट मुंबईहून सकाळची. म्हणजे आदल्या दिवशी एसटीनं जायचं, भायखळ्याला आमच्या एका नातेवाइकांच्या चाळीतल्या खोलीत रात्र काढायची आणि सकाळी सगळ्यांनी मिळून गोदीवर पोचवायला जायचं. एका खोलीत नऊ-दहा माणसं निजणार.

मी यजमानांना सांगून टाकलं, "पोरीला नाही न्यायचं. कुंपणापलीकडच्या बाईकडे ठेवू एक रात्र."

"अगं, मावशी चालली आहे तिची," ते म्हणाले. "पुन्हा कधी भेट होईल कुणास ठाऊक."

"आणि तिथे सगळ्यांच्या मध्ये अंथरूण भिजवलं म्हणजे? कुठे तोंड लपवू मी? ताप आला म्हणून सांगू सगळ्यांना."

ते गप्प बसले. ते नेहमीच गप्प बसायचे, आणि मी त्याला होकार समजायची. पण बहीण गप्प बसली नाही. "ताई, ती नाही आली तर मला कोणी पोचवायला येऊ नका," ती म्हणाली. "मी जाईन माझी एकटी."

शेवटी असं ठरलं की बोटीला अजून सव्वा महिना आहे. मुलगी कोरडी राहायला लागली तर न्यायची, नाहीतर नाही. मुलीला मी हे समोर बसवून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही," मी म्हणाले. पुढचे तीन दिवस तिनं दुपारपासूनच पाणी सोडलं. ओठ फुटले तिचे. गोधडी तिन्ही दिवस ओली.

मग शुक्रवार आला, आणि शनिवारी सकाळी मी उठले तर शब्बाथाची गोधडी ओली.

मला वाटलं, आता हिनं देवालाही सोडलं नाही. धुता येत नाही, वाळत घालता येत नाही, दिवसभर हे घरात असंच राहणार, आणि प्रार्थनेला जायची वेळ झालेली. "शब्बाथालासुद्धा?" मी म्हणाले.

ती खाली मान घालून म्हणाली, "दिवा गेला होता, आई."

मला ते उलट उत्तर वाटलं. मी तिच्या थोबाडीत मारली. शब्बाथाच्या दिवशी, प्रार्थनेला नेसून तयार असताना. आवाज ओटीपर्यंत गेला असणार, कारण यजमानांच्या खोकल्याचा आवाज थांबला.

आम्ही तिला घरी ठेवून सिनेगॉगमध्ये गेलो. आमची म्हातारी माणसं त्याला मशीदच म्हणायची. तिथे मी पुस्तक उघडून बसले होते, पण डोळ्यांपुढे तिचा गाल होता.

परत आल्यावर सहज वर पाहिलं. पेल्यात तेल अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. एक भलामोठा पतंग त्यात पडून वात बुडवून बसला होता. म्हणजे दिवा आमच्या पहिल्या झोपेतच गेला असणार. "दिवा गेला होता, आई."

मुलगी पडवीत पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. किती दिवसांनी बसले होते कोण जाणे.

"दिवा गेला म्हणजे काय गं?" मी विचारलं.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा मारते की काय, असं बघत असावी. मग म्हणाली, "दिवा असला की मागचं दार दिसतं. दार उघडं टाकलं की उजेड पायऱ्यांवर पडतो, विहिरीपर्यंत थोडा पोचतो. मग मी पळत जाते आणि पळत येते."

"आणि इतर दिवशी?"

"जाग येते. मग पडून राहते. धरून ठेवते. मग कधीतरी झोप लागते."

"मला का नाही उठवलंस?"

"उठवलं होतं की. तू म्हणालीस, एवढी घोडी झालीस, आता काय आई लागते बरोबर?"

मी म्हणाले होते ते. शब्द न् शब्द माझेच.

"पण बाळा, अंधाराला काय भ्यायचं एवढं? आपलंच अंगण."

"अंधाराला नाही भीत मी," ती म्हणाली. "विहिरीतल्या बाईला."

"कोण बाई?"

आता तिला आश्चर्य वाटलं. राग नाही, आश्चर्य. "तूच नाही का सांगितलं होतंस?"

आणि मग मला आठवलं. ती पाच वर्षांची असताना एकदा दिवेलागणीला मला दिसेना. शोधत मागं गेले तर ही विहिरीच्या काठावर ओणवी, अर्धी आत. तिला ओढून आत आणलं आणि पुन्हा जाऊ नये म्हणून सांगितलं की विहिरीत एक बाई बसलेली असते; अंधार पडला की वर येते आणि अंगणात कोणी पाऊल टाकलं की पाय धरून आत ओढते. आठवडाभर रोज सांगितलं. रंगवून सांगितलं. तिचे केस कसे, हात कसे गार. पोरगी विहिरीकडे फिरकेनाशी झाली, माझं काम झालं, आणि मी विसरून गेले. ती मात्र सहा वर्षं रोज रात्री त्या बाईला आठवत पडून राहिली होती. त्या सहा वर्षांत मी तिला तीळ-गूळ चारला, तिचं पाणी तोडलं, आणि शेवटी तिचं अंथरूण उचलून त्या मागच्या दाराच्या सर्वांत जवळ नेऊन ठेवलं.

त्या संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर तिची चटई उचलून माजघरात माझ्या चटईशेजारी टाकली. दुसरं, पेला घासून त्यात पुन्हा तेल-वात घातली.

यजमान म्हणाले, "हे काय, आता रोज शब्बाथ?"

"पोर अंधाराला भिते," मी म्हणाले. तेवढंच. बहिणीलाही तेवढंच. विहिरीतल्या बाईचं मी कोणाला बोलले नाही. मुलगी तिथेच उभी होती. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन सरळ विहिरीत उतरतं त्या वेळी, मी तिला काठावर नेलं. तिचा हात धरून म्हणाले, "बघ आत. कोण आहे?"

ती वाकली, मीही वाकले. खाली पाण्यात एक बाई दिसत होती आणि तिच्याजवळ एक पोर.

"मी खोटं सांगितलं होतं," मी म्हणाले. "तू पडशील म्हणून."

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली. "आठ वर्षांची झाले तेव्हाच कळलं. पण रात्री माझ्या पायांना ते माहीत नसतं."

मग आम्ही पायांना शिकवायला घेतलं. पहिला आठवडा तिनं मला हलवायचं आणि मी उठून तिच्याबरोबर थेट संडासापर्यंत जायचं. मी एकदाही कुरकुरले नाही, हे लिहिताना मला आजही बरं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात मी विहिरीपाशी थांबायची. मग पायऱ्यांवर. पाणी मी पुन्हा सुरू केलं होतं. तिला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं. एका रात्री मी पायऱ्यांवर उभी असताना ती विहिरीजवळ थांबली आणि जोरात म्हणाली, "धर बघू पाय!" मग इतकी धूम ठोकून आली की पायरीवर गुडघा फोडून घेतला, आणि आम्ही दोघी तोंडावर माझाच पदर धरून हसत बसलो, घरचे उठू नयेत म्हणून.

सगळंच सरळ झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोनदा गोधडी भिजली. दुसऱ्या वेळी ती रडायला लागली, "आता नाही ना नेणार?" मी म्हणाले, "ते 'एकदासुद्धा नाही' मी परत घेतलं. भिजवलीस तरी येणार आहेस तू." गोधडी दोघींनी मिळून धुतली. त्यानंतर एकदाही भिजली नाही. अट काढल्यावर नाही भिजली, हे मला नंतर पुष्कळ वेळा आठवलं आहे.

एके सकाळी आगरीण कुंपणाशी आली. रिकाम्या दोरीकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, बोका मेला काय?"

"गेला," मी म्हणाले.

"बरा झाला. लई म्हातारा झालता," ती म्हणाली आणि दोघी हसलो. या वेळी मीही.

मुंबईला आम्ही सगळे गेलो. ठाण्यावरून वळसा घालत जाणारी एसटी, मुलगी खिडकीशी मावशीच्या मांडीला मांडी लावून. चाळीतल्या खोलीत रात्री खरोखरच नऊ माणसं ओळीनं झोपली. संडास लांबच्या लांब गॅलरीच्या टोकाला, आणि गॅलरीतला दिवा गेलेला. मी निजण्याआधी ते बघून आले होते. तिला म्हटलं, मला हलव. ती बरं म्हणाली.

मला झोप येणं शक्यच नव्हतं. मध्यरात्र उलटली असेल, माझ्या शेजारी हालचाल झाली. ती उठून बसली. मी डोळे मिटून वाट पाहत होते, आता हलवील, आता हलवील. तिनं हलवलं नाही. माझ्या अंगावरून, मग मामाच्या पायांवरून, पेट्या-वळकट्यांच्या मधून ती दारापर्यंत गेली. कडी हळूच निघाली. अनोळखी घर, अनोळखी अंधार, आणि खाली कुठेतरी कुत्री भांडत होती. माझं सगळं अंग उठ म्हणत होतं. मी चादर मुठीत धरून पडून राहिले. तिला वाढवताना मी केलेल्या सगळ्या गोष्टींत हीच मला सर्वांत अवघड गेली. काही न करता पडून राहणं.

मग परत कडीचा आवाज. ती येऊन आडवी झाली. पाय धुऊन आली होती. तिचं गार पाऊल माझ्या पोटरीला लागलं. कानाशी कुजबुजली, "झोप आता, आई."

सकाळी नऊ कोरडी अंथरुणं गुंडाळली गेली. कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र तिची चादर घडी करताना दोनदा उलटून पाहिली, आणि छाती अशी भरून आली की माझी भावजय म्हणाली, "रडू नका वन्सं, पत्र लिहू आम्ही." मी तिला तसंच समजू दिलं.

गोदीवर गर्दी फार होती. बहिणीनं मुलीला उचलून घेतलं, अकरा वर्षांची असून. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, एक राहिलंय. मी नवस बोलले होते. पोर कोरडी राहिली तर मलिदा करीन म्हणून. मी तर चालले. तू कर."

"आणि लोकांनी विचारलं, कशाचा, तर?"

"तर जे आहे ते सांग," ती म्हणाली आणि गेली. तिला मी पुन्हा पाहिलं नाही. पत्रं येतात. मुलीनं मात्र तिला त्या दिवशी डोळे भरून पाहिलं, बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं, आणि ती भेट मी जवळजवळ हिरावून घेतली होती.

पनवेलला परतल्यावर पंधरवड्यानं मलिदा केला. आमच्यात नवस फेडायची हीच रीत: पोहे भिजवून त्यात गूळ, खोबऱ्याचा कीस, वेलची; मोठ्या तबकात त्याचा ढीग, भोवती पाच तऱ्हेची फळं आणि गुलाबाची फुलं. नातेवाईक, शेजारीपाजारी बोलवायचे, पुरुषांनी आमच्या नबीच्या, म्हणजे देवाच्या प्रेषिताच्या, नावानं प्रार्थना म्हणायची, मग सगळ्यांना वाटायचं. तीस-पस्तीस माणसं जमली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पोरीची परीक्षा.

प्रार्थना झाली. मी केळ्याच्या फोडींचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले, तोच यजमानांच्या आत्याबाईंनी, आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनी, मोठ्यानं विचारलं, "कशाचा गं नवस?"

मी तोंड उघडलं, त्याच्या आधी मुलगी म्हणाली, "माझा, आत्याआजी. मी अंथरूण भिजवायची. आता नाही भिजवत."

यजमान तबकातल्या फुलांकडे बघत राहिले. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

आत्याबाईंनी चष्म्यातून तिला न्याहाळलं. "अगं, मग आमच्या ह्यांचा नवस बोलायचा राहूनच गेला म्हणायचा! लग्नानंतर दोन वर्षं गादी मीच वाळवत होते." सगळ्यांत आधी पुरुष हसले. मग बायका. कोणीतरी म्हणालं, आमच्या धाकट्याचंही आहे तसं. आणि मी पाच-सहा वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते पाच मिनिटांत पोह्यांबरोबर सगळ्यांच्या हातावर वाटलं गेलं.

पण आत्याबाईंचं संपलं नव्हतं. "मग थांबलं कसं गं?"

"मला रात्री मागं जायची भीती वाटायची. आता जाते. एकटी जाते."

"एवढ्या हुशार पोरीच्या डोक्यात ही भीती घातली कोणी?"

ते विचारणं सहजच होतं. पण मुलीनं मान वळवून उंबऱ्याकडे, माझ्याकडे पाहिलं. ताट माझ्या हातात होतं. मी बोलू शकले असते. एक शब्द पुरला असता.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आपली अशीच."

स्वतःचं होतं नव्हतं ते सगळं तिनं पस्तीस माणसांसमोर सांगितलं, आणि माझं ठेवून घेतलं. मी केळी वाटायला सुरुवात केली.

तिनं ते पुढेही कधी काढलं नाही. शाळेत, मग मुंबईला वसतिगृहात शिकायला गेली तेव्हा, लग्न होऊन मुलं झाली तरीही नाही. माझ्या मुलीबद्दल लोक पुष्कळ चांगलं बोलतात, तिची पदवी सांगतात, नोकरी सांगतात. मी ऐकून घेते. मला तिचा अभिमान वाटतो तो त्या "कोणी नाही"चा. तेवढी मोठी मी आज पन्नाशीतही झालेले नाही.

काल मी त्या तरुण आईच्या घरी गेले. नवस बोल, जरूर बोल, म्हटलं. पण आधी माझं ऐक. आणि विहिरीच्या काठापासून सगळं सांगितलं. तिचा मुलगा दाराआड उभा राहून ऐकत होता, ते मला दिसत होतं. मी आवाज कमी केला नाही.

"म्हणजे ती बाई खोटी होती?" त्यानं आडूनच विचारलं.

"खोटी," मी म्हणाले. "मी बनवली होती."

तो जरा पुढं आला. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि आमच्या जिन्याखालचा?" तो म्हणाला.

त्याची आई भिंतीकडे बघायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिनं बोलायची वाट पाहत बसले.